आधी कोड वाचता तर येऊ दे!

पहिल्या सत्राच्या प्रोग्रामिंगची अध्ययन निष्पत्ती, म्हणजे सत्र संपताना विद्यार्थ्याला काय यायला हवं ते, नव्याने लिहायला घेतली आहे. जुन्या मसुद्यातलं पहिलंच वाक्य: ‘विद्यार्थ्याला लूपची संकल्पना समजेल.’ लूप म्हणजे त्याच सूचना पुन्हा पुन्हा, फेऱ्याफेऱ्यांनी चालवणं. आता ते समजलं हे तपासायचं कसं? पेपरात व्याख्या विचारली की मुलं ती घडाघडा लिहून मोकळी होतात.

मी ते खोडून लिहिलं: ‘दहा ओळींचा अनोळखी कोड न चालवता, प्रत्येक फेरीनंतर व्हेरिएबलमध्ये काय आहे ते कागदावर मांडता येईल.’ एका सहकाऱ्याला हे फारच किरकोळ वाटलं. किरकोळ? व्हेरिएबल म्हणजे किंमत ठेवायचा नाव दिलेला डबा. क मध्ये ५ ठेवा, ख मध्ये ७. मग ‘क = ख’ आणि लगेच ‘ख = क’. अदलाबदल झाली, असं वर्गातले कितीतरी जण छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात दोन्हीकडे ७! पाचाचा निकाल पहिल्याच ओळीत लागलेला असतो. कोडमध्ये ‘=’ म्हणजे उजवीकडची किंमत डावीकडे ठेव; ते बरोबरीचं चिन्ह गणितातल्यासारखं वाचलं की असा गैरसमज होणारच.

२००१ मध्ये मायकेल मॅक्रॅकन यांच्या संशोधक गटाने वेगवेगळ्या देशांतल्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडून प्रोग्राम लिहून घेतले. सरासरी पडली ११० पैकी जेमतेम २३. पुढे २००४ मध्ये रेमंड लिस्टर यांच्या गटाने नुसतं कोड वाचणं तपासलं, तर तिथेही बरेच जण अडखळले.

म्हणून माझ्या यादीत वाचन आधी, मग दुसऱ्याच्या कोडमधली चूक शोधणं, आणि कोऱ्या पानावर लिहिणं सर्वांत शेवटी. रिकर्शन, म्हणजे कोडच्या एखाद्या भागाने स्वतःलाच पुन्हा बोलावणं, तर मी दुसऱ्या सत्रात ढकललंय. बैठकीत त्यावरून वादावादी होईल, होऊ दे.