थिंबलवरचे अठ्ठेचाळीस

अंबड एमआयडीसीतल्या एका टर्निंग शॉपमध्ये मी क्यूसीला, म्हणजे माल तपासायला आहे. डिसेंबर, थर्ड शिफ्टची पाचवी रात्र. पत्र्याच्या शेडमध्ये नाशिकची थंडी अशी बोचते की पेंगायची सोयच नाही. मी टक्क जागा होतो. निदान मला तसं वाटत होतं.

चारला सीएनसीची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथची, कापणारी टिप बदलली. शाफ्टचा साइझ (जाडी) १९.९७ ते १९.९९ मिलिमीटर. ऑपरेटरने पहिला जॉब मोजला, "वीस पॉइंट अठ्ठेचाळीस" म्हणाला, अर्धा मिलिमीटर मायनस ऑफसेट टाकला, म्हणजे मशीनला तेवढं जास्त कापायला लावलं, आणि पुढचा जॉब माझ्याकडे आणला. मी मायक्रोमीटर लावला. १९.९८. ओके. सही, वेळ ४:२०.

पावणेसातला फर्स्ट शिफ्टच्या भाऊंनी एक शाफ्ट उचलला. "हा हाताला बारीक लागतोय रे." भरला १९.४८. तीसेक शाफ्ट भंगारात. जास्त राहिलेल्या जॉबवर पुन्हा कट मारता येतो. कमी झालेला कोण भरून देणार?

खरं तर ऑपरेटरचा तो पहिला जॉब बरोबरच होता, १९.९८. मायक्रोमीटरचा थिंबल, म्हणजे पन्नास रेघांची फिरती टोपी, एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतो. तो ४८ वर आला की स्लीव्हवरची, म्हणजे आतल्या स्थिर नळीवरची, अर्ध्या मिलिमीटरने पुढची रेघ नुकती डोकावते. ऑपरेटरने ती डोकावणारी वीसची रेघ धरली. थोड्या वेळाने मीही तेच केलं, फक्त साडेएकोणीसच्या रेघेवर, आणि नेमका मला हवा होता तोच आकडा मिळाला. म्हणून दुसऱ्यांदा बघितलं नाही. ही चूक आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मला या कामात बारा वर्षं झालीत.

शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली असतं आणि साधारण त्याच वेळी लक्षही ढिलं पडतं. रात्रपाळीची सवय होते म्हणतात; माझी तरी झाली नाही. मेंदूतलं घड्याळ उजेडावर लागतं, आणि मी रोज सातला सुटून पांडवलेण्याच्या डोंगरावरचं ऊन डोळ्यांवर घेत घरी जातो. म्हणजे रात्रभर ओढून मागे नेलेला काटा सकाळी परत जागेवर. त्यात आमच्या पाळ्या थर्डवरून सेकंड, सेकंडवरून फर्स्ट अशा उलट्या फिरतात. हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मोठं असल्याने सुलट्या पाळ्या शरीराला सोप्या जातात, पण वेळापत्रक लावणारे साहेब कायम जनरलला, म्हणजे दिवसपाळीला.

रिजेक्शनच्या फॉर्मवर 'कारण' या रकान्यात मी लिहिलं : पहाटेचे ४:२०. फॉर्म परत आला. "वेळ हे काय कारण झालं? निष्काळजीपणा लिही." लिहिलं.

मग जुनी रजिस्टरं काढून बसलो. तीन ते पाचच्या रकान्यांत माझीच खाडाखोड जास्त. आता टिप अडीचच्या आत बदलून घेतो. तीननंतर बदलावी लागलीच, तर ऑपरेटर आणि मी आपापला आकडा एकमेकांना न सांगता कागदावर लिहितो, मग कागद उलटतो. परवा पुन्हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक आला. या वेळी चुकलो होतो मी.