ओएम गिटारचा लॉग: साजडाची पाठ

ओएम (ऑर्केस्ट्रा मॉडेल) आकाराच्या गिटारची पाठ जुळवून झाली, म्हणून इथवरचं सगळं एका जागी लिहून ठेवतोय. टॉप, म्हणजे पुढची पाटी, स्प्रूसचा आहे, तो तयार मागवला. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. शोध होता तो पाठ आणि बाजूंसाठी. मला फिगर, म्हणजे उजेडात हलणारे लहरी पट्टे, असलेलं लाकूड हवं होतं, आणि ते अखेर बडोद्यातल्याच एका लातीत साजड या झाडाच्या रूपात मिळालं. लाती म्हणजे इकडची लाकडाची वखार.

सुरुवातीला डोक्यात कोआ होता. कोआ मुळात हवाई बेटांवरचा, तिथेच उगवतो, आणि चांगली फिगर असलेल्या पाठ-बाजूंच्या सेटचा भाव ऐकून हात आखडतो. मग झिरिकोटे पाहिलं. मेक्सिको, बेलिझ, ग्वाटेमालातलं हे लाकूड, गाभ्यात काळ्या रेघांचं दाट जाळं. देखणं आहे यात वाद नाही. पण असं लाकूड लांबून मागवायचं म्हणजे फोटोवर विश्वास ठेवायचा, आणि फिगर ही फोटोत सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट आहे. पाणी मारून, दिवा तिरका धरून काढलेल्या फोटोत कुठलीही फळी सुंदर दिसते.

शिसवीचं वेगळं. जगभरच्या कितीतरी गिटारांच्या पाठी आपल्याच शिसवीच्या असतात. तिचे नियम मात्र माहीत असू द्या. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट १ मध्ये आहे, म्हणजे व्यापार जवळजवळ बंद. २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया ही बाकीची अख्खी प्रजातीच (जीनस) परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे परवान्याच्या यादीत गेली, त्यात आपली शिसवी आणि शिसमसुद्धा. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ब्राझिलियनला ती नाही, आणि नुसत्या फळ्यांनाही नाही. देशात घेतानासुद्धा पावती घेतल्याशिवाय शिसवी उचलू नका. माझ्या फ्रेटबोर्डची (मानेवरची बोटं दाबायची पट्टी) शिसवी मोडीत निघालेल्या पलंगाच्या बाजूच्या पट्टीतून आली. इतकी वर्षं मुरलेलं लाकूड कुठल्याही वखारीत मागून मिळत नाही.

लातीत सागाचं बोलणं सगळे करतात. वलसाडी, सीपी (जुन्या मध्य प्रांताचा), बर्मा, आता आफ्रिकेचा. परदेशी माल बहुतेक कांडल्याहून येतो. सागात क्वचित लहरी फिगर असते, पण सागवाल्या शेठना सरळ रेषेचं लाकूड दाखवण्यात अभिमान असतो, आणि दारं-खिडक्यांसाठी ते बरोबरच आहे. आपल्याला हवं ते मागच्या बाजूला असतं, वाकडं म्हणून टाकलेल्या ढिगात. तिथे आंबा असतो, शिरीष असतो, रेन ट्री असतो, साजड असतो. आंबा पेट्यांना जातो, उरलेलं जळणाला. हवाईत याच आंब्याचे युकुलेले बनतात आणि फिगर असलेल्या आंब्याला तिथे भरपूर मान आहे. रेन ट्रीला ते लोक मंकीपॉड म्हणतात आणि जपून वापरतात. आपल्याकडे रस्ता रुंद करताना पडलेला रेन ट्री सरळ आरा मशीनवर जातो. मला हे बघवत नाही.

साजड म्हणजे आपला ऐन. सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल, पानांवर टसरचा किडा पोसतात, आणि पंचमहाल, छोटा उदेपूरच्या जंगलात भरपूर. हल्ली स्क्वायर या कंपनीच्या गिटारांवर इंडियन लॉरेल नावाचा फ्रेटबोर्ड येतो, तो हाच ऐन. गाभा गडद तपकिरी, त्यात काळपट पट्टे. वजनाला शिसवीच्या बरोबरीचा, वाळलेला घनमीटरला साधारण साडेआठशे किलो. इमारतीला हा दुय्यम मानतात, कारण वाळताना फाटतो आणि रंध्याला त्रास देतो. त्यामुळे भाव कमी, आणि ढिगात तळाशी.

आता फिगर ओळखायची कशी, कारण आरा मशीनमधून आलेल्या खरखरीत फळीवर काही म्हणजे काही दिसत नाही. खिशात ब्लॉक प्लेन, म्हणजे छोटा हातरंधा, ओलं फडकं आणि टॉर्च ठेवा. फळीच्या टोकाजवळ, विचारून, तळहाताएवढी खिडकी रंधून घ्यायची. फडकं फिरवायचं. टॉर्च वरून न मारता फळीला जवळजवळ टेकवून आडवा मारायचा. आडवे पट्टे दिसले तर फळी उलटी फिरवा, म्हणजे डावं टोक उजवीकडे. उजळ पट्टे काळे आणि काळे उजळ झाले तर ती खरी फिगर. पट्टे जागचे हलले नाहीत तर तो नुसता रंग किंवा करवतीच्या दात्यांचा मार. असं होतं कारण लाकडाचे तंतू सरळ वर न जाता नागमोडी गेलेले असतात. एका उतारावर उजेड परत फिरतो, दुसऱ्यावर आत मुरतो.

अजून एक खूण. त्याच ओंडक्याचा जळणासाठी फोडलेला तुकडा सापडला तर तो बघा. करवत तंतू कापते, कुऱ्हाड तंतूंच्या वाटेने जाते. लहरी लाकूड फोडलं की आतला पृष्ठभागच लहरी निघतो, बोट फिरवलं तरी कळतं. मला साजड कळला तो असाच. शेठ म्हणाले, "आ तो वांकुं छे, भाई, चूलामां जशे." मी म्हटलं, चुलीत जायच्या आधी याचा भाऊ दाखवा. भाऊ ढिगाखालून निघाला आणि खिडकी मारल्यावर शेठनी स्वतः टॉर्च हातात घेतला.

चिरताना मात्र मिस्त्रींशी आधी बोलून घ्या. लहरी फिगर क्वार्टर सॉन चिरली की उठून दिसते, म्हणजे वर्षवलयं फळीच्या जाडीत उभी राहतील अशी. क्विल्टेड, म्हणजे गोधडीसारख्या फुगवट्यांच्या फिगरचं उलटं, ती फ्लॅट चिरीत खुलते. साजडाचा ओंडका आधी गाभ्यातून दुभागला, मग प्रत्येक अर्ध्यातून उभ्या फळ्या काढल्या. पाठीच्या पाट्या दीड सुताच्या (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), प्रत्येकी २०० मिमी रुंद आणि ५२० लांब. बाजूंच्या पट्ट्या ११० रुंद, ८०० लांब. टोकांना लगेच मेण लावलं, कारण साजड टोकाकडून फाटायला सुरुवात करतो. पट्ट्यांमध्ये एकसारख्या जाडीच्या काड्या घालून, वर वजन ठेवून, वाऱ्याच्या झोतापासून दूर वाळवला.

पाठ उघडली तेव्हाची गोष्ट सांगायलाच हवी. एकाच फळीचे दोन काप पुस्तकासारखे उघडले की एका अर्ध्यातले तंतू आपल्याकडे झुकतात, दुसऱ्यातले पलीकडे. म्हणून एक अर्धा उजळ दिसतो, दुसरा गडद. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेलं की अदलाबदल. धूपछाव लुगड्याचा पदर हलवावा तसं. हे दोष म्हणून काढायचं नसतं, काढता येतही नाही.

रंध्याबद्दल. ४५ अंशाचं पातं लहरी साजडातून चिप्पे उपसतं. पात्याच्या मागच्या बाजूला १५ अंशाचा बारीक बेव्हल (उतार) दिला की कापण्याचा कोन ६० होतो. त्याने उपसणं जवळजवळ थांबलं. ढकलायला जोर जास्त लागतो, कापही अगदी पातळ घ्यावा लागतो. शेवटचं काम स्क्रेपरने, म्हणजे खरवडायच्या पोलादी पत्र्याने. मधला जोड शूटिंग बोर्डवर (कडा सरळ रंधायचा पाट) साधला, दोन्ही कडा उजेडासमोर धरून फटीतून उजेड येईनासा होईपर्यंत. पाठ सध्या २.३ मिमीवर आहे. शिसवी मी अडीचवर थांबवतो. साजड पातळ करूनही टणक वाजतो, आणि वजनही आटोक्यात राहतं.

मानेला फिगर अजिबात नको. तारांचा ताण सतत एकाच दिशेने असतो, नागमोडी तंतू तिथे पीळ घेतात. म्हणून मान सरळ रेषेच्या तुणीची, मिरजेच्या सतारींना वापरतात तीच. तूण महोगनीच्या कुळातली, पूर्वी तिला सेड्रेलातच धरायचे, आणि क्लासिकल गिटारच्या माना सेड्रेलाच्या असतात. हलकी, स्थिर, करवतीला गोड.

ब्रेसेस, म्हणजे पाठीच्या आतल्या आधारपट्ट्या, अजून चिकटवलेल्या नाहीत, कारण हवा. बडोद्यात मे महिन्यात लाकूड आकसतं आणि जुलैत फुगतं. फुगलेल्या पाठीला ब्रेसेस चिकटवल्या तर पुढच्या उन्हाळ्यात पाठ आकसू पाहते, ब्रेस आकसू देत नाही, आणि पाठ फाटते. खोली बंद करून डीह्युमिडिफायर लावलाय. हवेतल्या ओलाव्याचा हायग्रोमीटर ४५ टक्क्यांवर स्थिर झाला, की लाकडात आठ-नऊ टक्के ओल राहते, तेव्हाच सरस काढणार.

बाजू त्याच ओंडक्याच्या आहेत, पण कमी लहरी भागातल्या, कारण जोरदार फिगर वाकवताना नेमकी लहरीवर तडकते. पाणी कमी, वाकवायचा तापलेला पाइप दीडशे अंशांच्या आसपास, बाहेरून स्टीलची पट्टी, जाडी १.९ मिमी असा बेत आहे. कोणी ऐनाच्या बाजू वाकवल्या असतील तर कमरेच्या वळणावर किती जाडी ठेवली होती आणि पट्टी पाइपवर किती वेळ धरली होती, तेवढं सांगा.