रोहूचा तिसरा दिवस

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी रोहू माशाच्या आतड्याची वाढ हा विषय घेतला, तेव्हा सर एवढंच म्हणाले, "पावसाळा हुकला तर पुढच्या वर्षी भेटू." रोहूचं बीज मिळतं ते पावसाळ्यातच, त्यामुळे जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मी सोलापूर रस्त्यालगतच्या एका मत्स्यबीज केंद्रावर मुक्काम ठोकला.

गोल हौदात पाणी सारखं फिरत होतं. अंडी तळाला बसली की गुदमरतात, म्हणून. पंधरा-सोळा तासांत पिल्लं बाहेर आली. तिथले मामा त्यांना 'जिरं' म्हणायचे. मी वाटीत घेऊन बघितलं, तर बिनरंगाचं, वळवळणारं जिरंच!

पहिल्या दिवसाचं पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली आरपार दिसतं. पोटाला बलकाची पिशवी आणि तिच्यावरून गेलेली एक सरळ नळी. हेच आतडं. त्याला ना वळण, ना घडी. तोंड अजून उघडलेलं नाही, त्यामुळे त्या नळीला कामही नाही. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास बलक संपत येतो, तोंड उघडतं आणि पिल्लू पाण्यातले बारीक जीव टिपायला लागतं. मला सगळ्यात जास्त हवा होता तो हाच दिवस, आणि नेमका तोच मी घालवला.

झालं असं: पिल्लांना लवंग तेलाने गुंगी दिली, पेशी जशाच्या तशा टिकाव्यात म्हणून बुईनच्या पिवळ्याजर्द द्रावणात टाकलं, मग पाणी काढायला अल्कोहोल, अल्कोहोल काढायला झायलीन, आणि कापता यावं म्हणून मेण. पण वेळा सगळ्या मी मोठ्या माशाच्या तुकड्याच्या वापरल्या. सहा मिलिमीटरचा जीव, रात्रभर झायलीनमध्ये! मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, मेणाची पट्टी सरसर निघायला हवी, तिथे मेणातलं पिल्लू पापडासारखं तडकायला लागलं. पाच मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका पातळ, छेद राहिला बाजूला, नुसता भुगा. दोन दिवस मी प्रयोगशाळेत कुणाशी धड बोलले नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला मामांचा फोन आला, "ताई, शेवटची खेप सोडतोय, येणार का?" या वेळी झायलीनमध्ये काही मिनिटंच ठेवली. एका सीनियरने आणखी एक युक्ती सांगितली: अल्कोहोलमध्ये थेंबभर इओसिन हा गुलाबी रंग टाक, म्हणजे पिल्लू गुलाबी होईल आणि मेणात सापडेल. (पहिल्या खेपेला निम्मा वेळ पांढऱ्या मेणात पांढरं पिल्लू शोधण्यातच गेला होता.) तिसऱ्या दिवसाची चार पिल्लं नीट कापली गेली.

त्यानंतरच्या दिवसांच्या छेदांत आतड्याच्या मागच्या भागातल्या पेशींमध्ये, केंद्रकाच्या वर, गुलाबी ठिपके भरलेले दिसले. मला वाटलं, रंग सांडला. सरांनी बघितलं आणि हसले. पिल्लू प्रथिनांचे कण पेशीत अख्खेच ओढून घेतं आणि तिथे पचवतं, त्याचे ते ठिपके. जठर तयार झालं की हे थांबत असेल, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "रोहूला जठर असतं कुठे?" खरंच नसतं. आतड्याचाच पुढचा भाग फुगीर होतो आणि तोच साठवणीचं काम करतो.

बाकीची वाढ मी प्रयोगशाळेतल्या टाकीत शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा घालून बघितली. आतल्या अस्तराला घड्या पडत गेल्या, चिकट स्राव सोडणाऱ्या पेशी वाढल्या, नळीला आधी एक वळण, मग वेटोळी. मासा जसजसा वनस्पतींकडे वळतो, तसतसं आतडं लांबतं. मांसाहारी मरळीचं आतडं आखूड असतं, त्यामागेही खाणंच. मी तळ्यातली नऊ सेंटिमीटरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, उघडली, तर आत जिलबी. उलगडून मोजली, अर्ध्या मीटरच्या वर भरली.

मोजण्यातही फसगत झालीच. चिमट्याने जरा ताणलं की लांबी वाढते. एकाच माशाचे तीन आकडे आले. शेवटी ट्रेमध्ये पाणी घालून आतडं न ओढता पसरायचं ठरवलं. तळ्यातल्या बोटुकल्यांच्या पोटात गाळही होता, वाळूच्या कणांनी मायक्रोटोमच्या पात्याला खाचा पडल्या आणि छेदांवर उभ्या रेघोट्या आल्या. पुढचे मासे दोन दिवस उपाशी ठेवून मगच घेतले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमनी तक्त्यावर बोट ठेवलं, "सगळीकडे दहा नमुने, तिसऱ्या दिवशी चारच?"

"बाकीचे झायलीनमध्ये गेले, मॅडम."

"माझेही गेले होते," म्हणाल्या, आणि पान उलटलं.