गाणं वाजतं, माणसं बोलत नाहीत

कंप्लेंट अशी होती की प्लेयरवर गाणं लागतं, मारामारीचे आवाज येतात, गाडीचा हॉर्नपण येतो, पण माणसं बोलत नाहीत. फोन सूनबाईंचा, पारोळ्याकडच्या एका गावातून. शेवटी हळूच म्हणाल्या, तसं आप्पांना ऐकूच कमी येतं, तुम्ही फक्त बघून जा म्हणजे त्यांचं समाधान होईल.

अमळनेरला माझ्या दुकानात आता दिवसभर एलईडीचे बॅकलाइट आणि सेटटॉप बॉक्स, डिस्क प्लेयर कोण आणतंय. म्हणून मुद्दाम गेलो.

वरच्या खोलीत टीव्ही, डीव्हीडी प्लेयर, एक जुना दोन चॅनलचा, म्हणजे दोनच स्पीकर चालवणारा एम्प्ली आणि दोन स्पीकर. आप्पा म्हणे, "मना कान गयात भो, आते काय." कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये पडलेलं, घातलं की शिट्टी मारतं म्हणून. मी एम्प्लीच्या मागे वाकून, त्यांच्याकडे पाठ करून साध्या आवाजात विचारलं की आधी कुठला सेट होता, तर लगेच उत्तर आलं, पाच स्पीकरवाला होता, न्यूट्रल गेला त्या दिवशी जळाला. तिथेच माझं डोकं चाललं. सूनबाई मात्र प्रत्येक वाक्य ओरडून बोलत होत्या.

अजून एक गोष्ट आप्पांनीच सांगितली. मालेगावच्या खान्देशी कॉमेडीच्या सीडी लावल्या की सगळं बोलणं ऐकू येतं, हिंदी पिक्चर लावला की नाही. घरच्यांनी याचा अर्थ काढला की आपली भाषा ती, अर्धी ऐकली तरी समजते. डोकं लावलं म्हणायचं, पण चुकीच्या जागी.

त्या कॉमेडीच्या सीडी म्हणजे व्हीसीडी, त्यात आवाजाचे दोनच चॅनल, डावा आणि उजवा. गाण्याच्या सीडीचंही तेच. हिंदी पिक्चरच्या डीव्हीडीत बऱ्याचदा ५.१ असतं, म्हणजे पुढचे दोन, मागचे दोन, मधला सेंटर आणि सबवूफर, आणि माणसांचं बोलणं जवळपास सगळं त्या सेंटरमध्ये. प्लेयरच्या मागे सहा आरसीए सॉकेट, म्हणजे आवाजाच्या पिना घालायची गोल भोकं होती, प्रत्येक चॅनलला एक. आधीचा सेट जळाल्यावर कोणीतरी वायरमन येऊन हा जुना एम्प्ली जोडून गेलेला, त्याने लाल पिन लाल सॉकेटात, पांढरी पांढऱ्यात घातली, आवाज आला, पैसे घेतले, गेला. पिना बरोबरच होत्या म्हणा, पण आतली सेटिंग ५.१ चीच राहिली. प्लेयर बिचारा सेंटरचा आवाज इमाने इतबारे सेंटरच्या सॉकेटवर पाठवत होता आणि तिथे काहीच जोडलेलं नव्हतं. रंग बघून पिन घालणाऱ्यांनी आमचा धंदा नासवलाय, एक पिक्चर लावून दोन मिनिटं ऐकायला काय जातं?

खात्री करायला मी पिक्चर चालू ठेवून उजव्या चॅनलची लाल पिन काढली आणि सेंटरच्या सॉकेटात घातली. डावीकडून नुसतं म्युझिक, आणि उजव्या स्पीकरमधून नायकाची आई धडधडीत बोलायला लागली. आप्पा पलंगावरून उठून त्या स्पीकरजवळ जाऊन उभे राहिले. सूनबाई दारात, त्या पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत.

आता सेटिंग बदलायची तर रिमोट पाहिजे, प्लेयरच्या तोंडावर मेनूचं बटणच नसतं. रिमोट निघाला, प्लास्टिकच्या कव्हरात, वरून दोन रबर, आत सेल फुटून हिरवं झालेलं. आपल्याकडे रिमोटला धूळ लागू देणार नाहीत पण सेल वर्षानुवर्षे काढणार नाहीत. पत्ती घासली, रबराखालचा कार्बन पुसला, नवे सेल टाकले आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं, पुढचा बल्ब जांभळा चमकताना दिसला म्हणजे रिमोट जिवंत. मग सेटअप, स्पीकर, डाउनमिक्स, स्टिरिओ. पिन परत जागेवर. सेंटरचं बोलणं दोन्ही स्पीकरमध्ये वाटलं गेलं आणि बरोबर टीव्हीच्या मधून आल्यासारखं ऐकू यायला लागलं.

संध्याकाळी पुण्याहून आप्पांच्या मुलाचा फोन. मशीन परत करू का, असं मलाच विचारतोय. मी म्हटलं मी कानाचा डॉक्टर नाही. तपासणी तर झाली होती, रिपोर्टपण आहे म्हणे, आणि त्या वयात बारीक आवाज थोडे कमी होतातच. पण माणूस तिथे गेलाच कशामुळे, तर पिक्चरमधलं बोलणं ऐकू येत नाही म्हणून, आणि डॉक्टरकडे पिक्चर कोण लावून दाखवणार? घरात सगळे त्यांच्याशी ओरडूनच बोलणार, मग त्यांनाही वाटणारच आपल्याला कमी येतं. खरं किती कमी येतं ते माझ्या काही लक्षात येत नाही. त्याला म्हटलं दुसऱ्या ठिकाणी एकदा परत तपासून घे, आणि वहिनींना सांग जरा हळू बोलत जा. तो हो हो म्हणाला, आणि मग म्हणतो, "भाऊ, नुसती सेटिंगच बदलली ना, मग ३०० कशाचे?"