तोलारखिंडीने उतरताना: भटकंतीचा शेवटचा दिवस

रतनवाडीहून निघून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत आणि पाचनई असा पल्ला चालत हरिश्चंद्रगडावर आलेल्या आमच्या तुकडीला शेवटच्या दिवशी तोलारखिंडीमार्गे खिरेश्वरला उतरायचे एवढेच काम उरले होते. कागदावर हा सर्वांत सोपा दिवस दिसतो, पण आठवी ते अकरावीतल्या मुलामुलींना घेऊन जाणाऱ्याला तोच सर्वांत अवघड जातो. पाय थकलेले असतात, सॅकमधला शिधा संपल्याने पाठ हलकी झालेली असते आणि मन केव्हाच घरी पोचलेले असते.

सकाळीच पहिला वाद झाला. कोकणकडा आदल्या संध्याकाळी पाहून झाला होता, तरी काही जणांना इंद्रवज्रासाठी पुन्हा तिकडे जायचे होते. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांना येथे हे गोलाकार इंद्रधनुष्य दिसल्याची नोंद सर्वांनी वाचलेली होती. कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी येतो हे मुलांचे म्हणणे बरोबरच होते. मात्र समोरच्या दरीत धुके भरलेले असल्याशिवाय ते इंद्रधनुष्य उमटत नाही, आणि त्या कोरड्या थंडीत कोकणाची सगळी खोरी स्वच्छ दिसत होती. एवढे समजावल्यावर मुले मुकाट्याने मंदिराकडे वळली. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर आणि पुष्करणी त्यांनी निवांत पाहिली. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ याच परिसरात लिहिला, हे ऐकून एका मुलीने ‘इतक्या थंडीत?’ असे विचारले. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात शिवलिंगाला प्रदक्षिणा घालण्याची हौस दोघांनी भागवून घेतली, आणि मग त्यांचे ओले कपडे वाळवण्यात आमचा बराच वेळ गेला.

मंदिरापासून तोलारखिंडीवरच्या कड्याच्या तोंडापर्यंतची वाट लहान लहान टेकाडे चढत-उतरत जाते. बालेकिल्ल्याचा डोंगर लक्षात ठेवून चालले नाही, तर येथे गुरांच्या वाटा माणसाला भलतीकडे नेतात. आमच्यापुढे मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. एका टेकाडावर मोबाइलला रेंज आली आणि इतके दिवस एकमेकांना धरून चाललेली तुकडी क्षणात विखुरली. कोणी आईला फोन लावू लागले, कोणी फोटो पाठवू लागले, आणि पिछाडी सांभाळणारी ताई एकटीच मागे उभी राहिली. घरी खुशाली कळवणे योग्यच आहे, परंतु त्यासाठी सर्वांनी एके ठिकाणी बसून थांबावे, चालता चालता फोन मुळीच हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोलारखिंडीच्या वरचा कातळटप्पा हा या दिवसाचा खरा कस पाहणारा भाग. तेथे रेलिंग आणि खोदीव पावठ्या आहेत, त्यामुळे तो अशक्य मुळीच नाही. पण रेलिंग दिसले की मुले निर्धास्त होतात, आणि चढताना हाताला सहज लागणारी पावठी उतरताना पायाला सापडत नाही. म्हणून आम्ही सर्वांत हळू चालणाऱ्यांना पुढे घेतले, खाली एक दादा उभा केला आणि वरून एका वेळी एकालाच सोडले. उभ्या टप्प्यावर कातळाकडे तोंड करून उतरायचे, आणि खालच्याने ‘आलो’ अशी हाक दिल्याशिवाय वरच्याने पाऊल टाकायचे नाही, एवढे दोनच नियम होते. पहिल्या दिवशी रतनगडाच्या शिड्यांवर रडकुंडीला आलेला एक मुलगा येथे इतरांना पावठ्या दाखवत होता, तर सर्वांत तरबेज मुलगा घाई करून दोनदा घसरला. त्याला मी शेवटून दुसरा केला. त्याचा राग खिंडीत पोचेपर्यंत टिकला.

खिंडीतले वाघाचे शिल्प पाहून मुलांनी सॅक टेकवल्या आणि उरलेला चिवडा संपवला. येथून एक वाट कोथळ्याकडे आणि दुसरी खिरेश्वराकडे जाते. खिरेश्वराच्या वाटेवरच्या रानातल्या सावलीमुळे उन्हाचा त्रास वाचतो. गुडघ्यांचा मात्र वाचत नाही. गावात शिरण्याआधी कचऱ्याच्या पिशव्या मोजून घेतल्या, डोकी मोजली, आणि नागेश्वराच्या मंदिराच्या छतावरचे कोरीवकाम पाहायला जेमतेम चौघे आले. बाकीचे पिठलं-भाकरीच्या पंगतीत आधीच बसले होते.

बसमध्ये मुलांनी पुढच्या वर्षी हीच वाट उलट्या दिशेने करण्याचा ठराव केला. हरिश्चंद्रगडाची चढण ताज्या पायांनी होईल, हा त्यांचा मुद्दा खरा आहे. तरीही मी अजून होकार दिलेला नाही, कारण मग रतनगडाच्या शिड्या शेवटच्या दिवशी उतराव्या लागतील, आणि तेव्हा रेंज कोठे येते हे आधी पाहून ठेवावे लागेल.