बाभळीची साल भिजत घातली त्याची गोष्ट

मे महिन्यात इंदूरजवळ महूच्या पुढे माळावर गेलात तर दिसतं काय, तर वाळलेलं कुसळी गवत, मधेमधे बाभूळ नाहीतर पळस, एखादा जळून काळा झालेला पट्टा आणि शेळ्या. इंदूरमधे सगळे त्याला पडीक म्हणून मोकळे होतात. जयश्री रत्नम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ चा एक पेपर आहे, त्यात म्हटलंय की खाली सी-फोर प्रकारचं, म्हणजे कडक ऊन मानवणारं गवत आणि वर विरळ झाडं असतील तर त्याला बिघडलेलं जंगल म्हणू नका, ते सव्हाना आहे, म्हणजे झाडं असलेला गवताळ माळ. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण मी गेली तीन वर्षं त्याच माळावर स्लाइम मोल्ड शोधतेय आणि घरी सगळे हसतात, की पाणी नाही तिथे शेवाळ्यासारखं काही कसं असेल.

ते शेवाळं नाही आणि बुरशी पण नाही. जुन्या पुस्तकांत बुरशीत टाकायचे, पण हे नातेवाईक अमीबाचे. आयुष्यातला बराच काळ चिखलट, रंगीत, सरपटणारी एकच पेशी, जिच्यात हजारो केंद्रकं, बॅक्टेरिया खात फिरते, आणि मग एक दिवस सगळं सोडून इवल्या इवल्या दांड्यांवर बीजाणूंच्या पिशव्या उभ्या करते. टोकियोच्या रेल्वेचं जाळं ओट्सच्या दाण्यांवर काढणारा पिवळा जीव २०१० मधे गाजला होता ना, तो याच कुळातला. माझे त्याच्यापुढे अगदीच गरीब, एक-दोन मिलीमीटरचे.

माझी चूक अशी झाली की पहिली दोन वर्षं मी पावसाळ्यात ओल्या जागा धुंडाळल्या, चोरल काय, पाताळपाणी काय. मिळालं ते फुलिगो, म्हणजे कुत्र्याने ओकल्यासारखा पिवळा गोळा, आणि एका ओंडक्यावर तपकिरी केसांच्या जुड्या, स्टेमोनिटिस. बाकी नुसता चिखल. मग कुठेतरी श्निटलर आणि स्टीफन्सन या संशोधकांचं २०००चं कोस्टारिकातलं काम वाचलं, चार प्रकारची जंगलं तपासली तर कोरड्या जंगलात विविधता जास्त आणि जसजसं ओलं होत जातं तसतशी कमी. सारखा पाऊस असला की दांड्या वाळत नाहीत, बीजाणू उडायला पाहिजेत ते धुऊन जातात. म्हणजे मी उलट्या दिशेने दोन वर्षं पाय घाण केले.

आणि कोरड्यात हे डोळ्यांना दिसतच नाहीत, ते घरी आणून उगवायचे असतात. गिल्बर्ट आणि मार्टिन यांनी १९३३ मधे सालीसाठी वापरलेली पद्धत आहे, मॉइस्ट चेंबर, आणि नाव भारी असलं तरी आपल्याला मटकी भिजवता येते तर हेही येतं. पेट्री डिशमधे फिल्टर पेपर, त्यावर जिवंत झाडाच्या सालीचे तुकडे, पाणी ओतून चोवीस तास झाकून ठेवायचं, पीएच बघायचा, जास्तीचं पाणी काढून टाकायचं आणि मग दोन-तीन महिने रोज भिंगाखाली बघत बसायचं. गवताची वाळकी काडी जी अजून उभी आहे ती वेगळी, खाली पडलेला पाला वेगळा, शेण-लेंड्या वेगळ्या, कारण प्रत्येकावरचे गडी वेगळे निघतात. अभयारण्यात परवानगी लागते म्हणून मी रालामंडलला हात लावत नाही, रस्त्याकडेचं गोळा करते. एक गुराखी काका एकदा थांबून बघत होते, म्हणाले, "मैडम, लेंडी काय के लिए ले जा रिया हो?" मी सांगितलं, अभ्यासासाठी. त्यांनी उगाच आणखी मूठभर आणून दिल्या.

पाण्याचं सांगते, पहिल्या वेळी नळाचं वापरलं ते चुकलं, क्षारांनी पीएच बिघडतो. आता बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमधून आणते, स्वस्त पडतं.

सासूबाईंनी डायनिंग टेबलवर चोवीस डबड्या पाहिल्या आणि, "अगं, हे काय भिजवून राहिलीस? मोड येतील का याला?" म्हटलं हो आई, तसंच काहीसं. अकराव्या दिवशी सकाळी त्याच हाका मारत होत्या. नऊ नंबरची प्लेट, बाभळीची साल. भेगेतून पिवळी जाळी पसरली होती, दोऱ्याएवढी बारीक, आणि भिंगातून आतला रस एका बाजूला वाहतोय, थांबतोय, मग उलटा वाहतोय. चहा गार झाला, आम्ही दोघी आळीपाळीने बघत होतो. दुसऱ्या दिवशी जाळी गायब, तिच्या जागी चुनखडी फासल्यासारखे पांढरे ठिपके. बहुधा फायसेरम, त्या टोकियोवाल्या पिवळ्याच्याच गटातलं, पण कुठलं ते नुसत्या फोटोवरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, बीजाणूंचं माप आणि त्यावरचे काटे सूक्ष्मदर्शकातून बघितल्याशिवाय नाव लिहू नये. वाळकं गवत घातलेल्या तीन प्लेटमधे राखाडी पिसासारखा आर्सीरिया सिनेरिया आला, तो मात्र उष्ण प्रदेशात सगळीकडे भेटतो.

सगळ्याच प्लेट यशस्वी नाहीत हं. पाचांवर साधी बुरशी चढली, दोनांत माइट्सनी, म्हणजे कोळ्यांच्या जातीच्या बारीक किड्यांनी, दांड्याच खाऊन टाकल्या, मी तीन दिवस पुण्याला लग्नाला गेले तेवढ्यात. मोजताना एक नियम पाळते, एका प्लेटमधे एक जात कितीही वेळा आली तरी नोंद एकच, नाहीतर आर्सीरियाच सगळ्या यादीवर बसेल. आणि नवीन प्लेट लावून नवीन जात निघायची थांबत नाही तोवर यादी पूर्ण म्हणायची नाही, माझी अजून थांबलेली नाही.

कंटाळून लेंड्यांची सतरा नंबरची प्लेट परवा फेकणार होते, पाऊण महिना काहीच नाही. सासूबाईंनी हातातून घेतली, दोन थेंब पाणी टाकलं आणि वर उलटी वाटी ठेवली, त्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय, "उसळ नाही."