पाच लाखांत पटाचा बैल

पाच लाख रुपये घेऊन माणूस नव्या गाडीच्या शोरूममध्ये गेला तर त्याला एक समजूतदार गाडी मिळते. पांढरी किंवा करडी, पाच दारांची, अ‍ॅव्हरेज उत्तम, आणि निघताना शोरूमवाले हार घालून फोटो काढतात. तेच पाच लाख घेऊन तो जुन्या गाड्यांच्या बाजारात शिरला की त्याचं डोकं फिरतं. तिथे त्याच पैशात इंजिनात जास्तीची हवा कोंबून ताकद वाढवणारा टर्बो असतो, अलॉय चाकं असतात, मागे छोटासा स्पॉयलर असतो आणि कॉलेजात असताना जिच्याकडे नुसतं बघत उभं राहावं अशी गाडी आता 'बसून बघा ना सर' म्हणत दार उघडून देते. मी सध्या असं फिरलेलं डोकं घेऊन नागपुरात हिंडतो आहे.

अट एकच आहे आणि सगळी अडचण तिच्यातच आहे. गाडी रोज चालवायची आहे. सकाळी हिंगणा एमआयडीसी, संध्याकाळी घर, मधे किराणा, दवाखाना, पाहुण्यांना स्टेशनवर सोडणं. रविवारी कव्हर काढून पुसायची आणि फुटाळ्यापर्यंत नेऊन आणायची, तसली गाडी मला नको. तिच्यासाठी दुसरी गाडी लागते, दुसरं पार्किंग लागतं आणि बहुधा घरच्यांचा दुसरा संच.

हे मी भंडाऱ्याच्या मामांना सांगितलं. मामांना गाड्यांतलं फार कळत नाही, बैलांतलं कळतं. पिढ्यान्‌पिढ्या शंकरपटाचं, म्हणजे बैलांच्या शर्यतींचं, वेड असलेलं ते घर. २०१४ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालाने शर्यती बंद झाल्या तेव्हा मामा कितीतरी दिवस कुणाशी धड बोलत नव्हते, आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणारे राज्यांचे कायदे वैध ठरवले तेव्हा त्यांनी मला आवर्जून फोन केला होता. माझं सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बाबू, पटाची जोडी वखराला जुंपत नाही अन् वखराचा बैल पटावर धावत नाही. तू एकाच बैलाले दोन्ही कामं सांगून राहिला."

"मग असा बैल नसतोच का मामा?"

"असते ना. पण त्यानं तो विकाले काहून काढला, हे आधी पुसजो."

जुनी वेगवान गाडी घेण्याबद्दल मी पुष्कळ वाचलं आणि तासन्‌तास व्हिडिओ पाहिले. इतक्या थोड्या शब्दांत इतकं कामाचं कुणी सांगितलेलं नाही.

कारण विकणाऱ्याची उत्तरं ठरलेली असतात. गाडी डॉक्टरची असते. सिंगल हँड असते, शोरूम मेंटेन असते, एक रुपयाचा खर्च नसतो, फक्त पेट्रोल टाका अन् चालवा. गेल्या काही महिन्यांत मला इतक्या डॉक्टरांच्या टर्बो गाड्या दाखवल्या गेल्या की धंतोलीतली सगळी हॉस्पिटलं एकाच वेळी एसयूव्हीवर शिफ्ट झाली असावीत. मी आता माणसाचं ऐकत ऐकत टायरकडे बघतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पुढचे दोन टायर नवेकोरे आणि मागचे दोन कारखान्यातून आले ते तसेच, असं दिसलं की समजावं, डॉक्टरसाहेब सिग्नलवरून कसे निघत होते. ही सगळी पुढच्या चाकांना ताकद देणारी मंडळी, झीज आधी पुढेच होते. मीटरवर तीस हजार आणि क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, हेही तसंच. इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलून जास्त ताकद काढायची म्हणजे रिमॅप, आणि विकण्याआधी तो पुन्हा मूळ करून ठेवायचा हीही एक रीत आहे. ते आपल्याला डोळ्यांनी दिसत नाही. त्याला मेकॅनिकच लागतो.

आता पाच लाखांत खरी स्पोर्ट्स कार, म्हणजे दोन दारं, दोन सीट, बुटकं छप्पर, आपल्याकडे जवळपास नाहीच. बाहेरच्या देशांत या प्रश्नाला सोपं उत्तर आहे: माझदाची एमएक्स-५. १९८९ पासून बनते आहे, हलकी आहे, साधी आहे, जुनी मुबलक मिळते. भारतात ती कंपनीने कधी विकलीच नाही, आणि जुनी गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही. वर जकात भरून जो आकडा येतो त्यात फ्लॅटचं डाउन पेमेंट होईल. आपल्याकडे नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची, फायबर बॉडीची उघडी गाडी बनत होती. नागपूरच्या मे महिन्यात उघडी गाडी, हा विचार मी पुढे नेला नाही.

मोह पडतो तो वेगळ्याच ठिकाणी. त्याच पाच लाखांत पंधराएक वर्षांची जर्मन सेडान उभी असते. नवी होती तेव्हा तीस-पस्तीस लाखांची. दार लावलं की असा आवाज येतो की खिशातले पैसे आपणहून बाहेर यायला बघतात. पण गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टांची उतरत नाही. हेडलाइट, सस्पेन्शनचे आर्म, गिअरबॉक्सचं काम, सगळं तीस लाखांच्याच हिशोबात. शिवाय पंधरा वर्षं झाली की आरटीओत फिटनेस दाखवून रजिस्ट्रेशनचं नूतनीकरण, आणि मग दर पाच वर्षांनी तेच. अशी गाडी घेणाऱ्याकडे गाडीच्या किमतीएवढेच पैसे घरी आणखी पडून असावेत. ज्यांच्याकडे ते असतात ते ही गाडी घेत नाहीत.

म्हणून मी हॅचबॅककडे, म्हणजे मागे वर उघडणारं दार असलेल्या छोट्या गाडीकडे वळलो, आणि त्यात कमीपणा वाटू नये म्हणून एक आकडा पाठ करून ठेवला. १९७६ साली फोक्सवॅगनने पहिली गोल्फ जीटीआय काढली, जिच्यापासून वेगवान हॅचबॅक हा प्रकार जगभर रुजला. तिची ताकद होती ११० हॉर्सपॉवर. आपल्या चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयची १०५. मारुतीच्या बलेनो आरएसची १०२. पोलो वजनाने त्या गोल्फपेक्षा जड आहे हे खरं, पण तिच्या १.२ लिटरच्या टर्बो इंजिनाचा जोर मिनिटाला दीड हजार फेऱ्यांनाच (आरपीएम) हाताशी येतो. ज्या ताकदीने एका पिढीने युरोपात धमाल केली ती व्हेरायटी चौकातून निघायला मला पुरायला हरकत नाही.

खरी अडचण ताकदीची नाहीच. नागपूर सपाट आहे. वर्धा रोड सरळ, अमरावती रोड सरळ, कामठी रोड सरळ. त्यात समृद्धी आली. शिवमडक्याहून सुरू होणारा ७०१ किलोमीटरचा रस्ता, मर्यादा ताशी १२०. २०२२ च्या डिसेंबरात शिर्डीपर्यंतचा टप्पा उघडला आणि तेव्हापासून नागपुरात कुठल्याही गाडीची परीक्षा एकाच प्रश्नात उरकते: समृद्धीवर किती मारली? टेस्ट ड्राइव्हला विकणारा तिकडेच न्यायला बघतो. पण सरळ रस्त्यावर १२० ला कुठलीही बरी गाडी जाते, मामेभावाची टॅक्सीसुद्धा जाते, आणि त्याच्या वर कायदा जाऊ देत नाही. मग जास्तीचे पैसे आपण कशाचे देतो?

माझं मत असं झालंय की ते वीस ते साठच्या मधल्या पट्ट्याचे असतात. वळणात स्टिअरिंग हातात काय सांगतं, दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला की गाडी लगेच ऐकते की आधी विचार करते, गिअर चटकन पडतो की शोधावा लागतो. रोज चालवायच्या गाडीत हा पट्टा दिवसातून शंभरदा येतो. १२० कधीतरी येतो. आणि तो पट्टा नागपुरात तपासायचा तर सेमिनरी हिल्सशिवाय जागा नाही. जपानी गार्डनपासून टीव्ही टॉवरकडचे चढ-उतार आणि वळणं, चाळीसच्या वर जायची गरज नाही, सकाळी फिरायला आलेली मंडळी असतात म्हणून जाऊही नये. एका विकणाऱ्याला मी तिकडे चला म्हटलं तर तो चक्रावलाच. "तिथं काय ठेवलं आहे भाऊ? समृद्धीवर चला ना, एकशेवीस मारून दाखवतो." शेवटी आला. पहिल्याच वळणानंतर मला गाडी आवडली आणि त्याला मळमळायला लागलं.

उन्हाचा हिशोब मात्र वेगळा मांडावा लागतो. २०१३ च्या मेमध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पंधरा अंशांच्या हवेच्या मानाने पंचेचाळीस अंशांची हवा नऊ-दहा टक्के विरळ असते, म्हणजे इंजिनाला तेवढा प्राणवायू कमी. कागदावरच्या शंभरातले काही घोडे आमच्याकडे उन्हाळाभर रजेवर. टर्बो ती तूट थोडी भरून काढतो, पण तो स्वतः तापतो, आणि वर एसी फुल. पोलो जीटी टीएसआयच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये दोन क्लच आहेत आणि ते कोरडे, तेलात बुडालेले नाहीत. रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते गरम होतात. सीताबर्डीत संध्याकाळी अडकलेलं असताना ही माहिती डोक्यात असू नये. मला मॅन्युअल हवी, हे तिथेच ठरलं. उन्हात वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे रबरी पाइप, बुश, दारांच्या पट्ट्या कडक झालेल्या असतात, त्या हाताने दाबून बघाव्यात. पेट्रोलचंही आहेच. शंभरीपार गेलं, आणि आता त्यात वीस टक्के इथेनॉल. आमचे खासदार नितीन गडकरी इथेनॉलचे मोठे पुरस्कर्ते, तेव्हा नागपुरात राहून तक्रार कुणाकडे करणार! नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलंय की जुन्या पद्धतीच्या चारचाकींचा अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घसरू शकतो. दहा वर्षं जुनी टर्बो घेताना इंधनाच्या नळ्या आणि सील बदलायचे पैसे बाजूला काढलेले बरे.

आणि ब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलसर चढाचा असतो. आमच्या कॉलनीतले ब्रेकर लोकांनी आपापल्या दारासमोर, आपापल्या रागाच्या प्रमाणात बांधून घेतलेले आहेत. एकटा बसून गाडी पास होते, चार जण बसले की खालून घासते. म्हणून सेमिनरी हिल्सनंतरची दुसरी टेस्ट आमच्याच गल्लीत, आई, बायको आणि शेजारचा वजनदार मित्र यांना बसवून. फियाटची पुंटो अबार्थ या परीक्षेत नापास झाली. तिच्यावर माझा खरा जीव होता, १४५ हॉर्सपॉवर आणि पाच गिअरची मॅन्युअल, पण फियाटने इथला गाशा गुंडाळून काही वर्षं झाली, आणि तिसऱ्या ब्रेकरवर जो आवाज आला त्यावर मित्र म्हणाला, "मी उतरून चालत येऊ का?" आईने मागच्या सीटवरून उतरताना दाराचा खांब धरला, एक पाय बाहेर ठेवला, थोडा वेळ तशीच राहिली आणि म्हणाली, "गाडी छान आहे रे. मला बाहेर काढायला माणूस ठेवणार आहेस का?"

बायकोची अट डिक्कीची. कॉटन मार्केटच्या पिशव्या आणि मोसमात काटोलहून येणारी संत्र्याची पेटी एका वेळी मावली पाहिजे. पोलोची डिक्की २८० लिटर, बलेनोची ३३९. या एका आकड्यावर आमच्या घरात बलेनो आरएसचं पारडं जेवढं जड झालं तेवढं तिच्या चारही चाकांच्या डिस्क ब्रेकने झालं नाही.

फोर्डची जुनी फिएस्टा १.६ एससुद्धा मी मन लावून चालवली. हायड्रॉलिक स्टिअरिंग, टर्बो नाही, आणि या सगळ्यांत हाताला सर्वात जास्त बोलणारी तीच. पण फोर्डनेही २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, आणि आमच्या मेकॅनिकभाऊंनी मान हलवली. त्यांचा नियम साधा आहे. "तुम्ही कोणतीही घ्या भाऊ, पण पार्टासाठी मले दिल्लीले फोन लावायला लावू नका." पाच लाख असतील तर गाडी चारचीच बघायची, उरलेला लाख टायर, शॉकअप, तेलपाणी, इन्शुरन्स आणि ट्रान्सफरला, हेही त्यांचंच.

तर सध्या एक निळी बलेनो आरएस नक्की झाल्यासारखी आहे. २०१७ ची, एमएच ४९, दुसरा मालक. स्टिअरिंग फिएस्टाइतकं बोलकं नाही, पण गाडी हलकी आहे आणि दुसऱ्या गिअरमध्ये चटकन ऐकते. मेकॅनिकभाऊंनी खाली झोपून बॅटरीच्या उजेडात सगळं पाहिलं, क्लचचे आणि दोन टायरचे पैसे कमी करायला लावले. विकायला का काढली हे मी मामांच्या सांगण्याप्रमाणे विचारलं. मालक म्हणाला, मुलगी झाली, मोठी गाडी पाहिजे. शेजारच्यांनीही तेच सांगितलं, आणि गॅलरीत लंगोट वाळत होते. आता व्यवहार बँकेचा बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर अडलाय. त्याचं कर्ज केव्हाच फिटलंय, पण आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच आहे आणि एनओसी त्याला सापडत नाही. तो कपाटं उपसतोय. मी तोवर तिच्या १९५ मापाच्या टायरचे भाव तीन दुकानांत विचारून ठेवलेत.